तुम्ही विचारलंत म्हणून : वेस्टब्रुक की हार्डन?

संध्याकाळचा सराव आटोपला की बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतता ओतता कोणीतरी विचारतंच, "सर, २०१७चा एमव्हीपी तुम्ही कोणाला दिला असता?" प्रश्न एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, आणि एमव्हीपी म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब. तो मिळाला ओक्लाहोमाच्या वेस्टब्रुकला. मी ह्यूस्टनचा हार्डन म्हणतो, आणि पोरांची तोंडं पडतात.

त्यांचा राग मला कळतो. संघातला दुसरा मोठा खेळाडू ड्युरंट ओक्लाहोमा सोडून थेट गोल्डन स्टेटला गेला आणि मागे उरलेल्या वेस्टब्रुकने मोसमभर सरासरी ३१.६ गुण, १०.७ रिबाउंड (हुकलेल्या फटक्याचा चेंडू पकडणं), १०.४ असिस्ट (ज्यावर बास्केट होते तो पास) अशी कामगिरी केली. ४२ ट्रिपल-डबल, म्हणजे एकाच सामन्यात हे तिन्ही आकडे दहा किंवा जास्त! ऑस्कर रॉबर्टसनचा १९६१-६२चा ४१चा विक्रम मोडला. पहिल्या पसंतीची ६९ मतं त्याला, हार्डनला २२.

पण रॉबर्टसनचं नाव काढलंत तर पुढचंही ऐका. मोसमभर ट्रिपल-डबलची सरासरी राखणारा तो पहिलाच, आणि त्या वर्षी एमव्हीपीच्या मतदानात तो तिसरा आला. दुसरा विल्ट चेंबरलेन, ज्याची सरासरी सामन्याला ५०.४ गुण! पहिला बिल रसेल, १८.९ गुणांचा. तेव्हा मतं पत्रकार नाही, खुद्द खेळाडू देत. रसेलने अडवलेले फटके त्या काळी कुठे नोंदलेच जात नव्हते. पण ज्यांचे अडवले त्यांना ते पक्के ठाऊक होते.

मी स्पर्धांमध्ये स्कोअरशीट लिहायला बसतो. त्यात गुण, फाउल, टाइमआउट, बस्स. आमच्या संघात एक मुलगी आहे, दर फटक्याला समोरच्या सेंटरला पाठीने रेटून बास्केटपासून लांब ठेवते. चेंडू भलतीच कोणीतरी उचलते. त्या कागदावर तिच्या नावापुढे बहुतेक वेळा फक्त फाउल असतात. ओक्लाहोमात हे काम स्टीव्हन अ‍ॅडम्स करायचा आणि रिबाउंड वेस्टब्रुकच्या खात्यात पडायचा. याला चोरी म्हणणारे आहेत, मी म्हणत नाही. चेंडू थेट त्याच्याच हातात आला की पहिल्या पासचा वेळ वाचायचा आणि तो तिथूनच सुसाट सुटायचा. डाव म्हणून झकासच. फक्त त्या दहातले काही अ‍ॅडम्सचे धरा, एवढंच. सरासरी ९.७ भरली असती, तर एवढा गाजावाजा झाला असता का?

हार्डनला त्या वर्षी प्रशिक्षक डॅन्टोनींनी पॉइंट गार्ड, म्हणजे डाव रचणारा, केलं. आदल्या वर्षी ४१ जिंकून ४१ हरलेलं ह्यूस्टन ५५ सामने जिंकलं, ओक्लाहोमा ४७. हार्डनचे २९.१ गुण आणि लीगमध्ये सर्वाधिक ११.२ असिस्ट. चेंडूही त्यानेच सगळ्यात जास्त घालवले, हे कबूल. मोसमानंतरच्या बाद फेरीत, प्लेऑफमध्ये, ह्यूस्टनने ओक्लाहोमाला ४-१ असं हरवलं, पण तो पुरावा मी धरत नाही. मतं त्याआधीच पडलेली असतात.

मागच्या आठवड्यात एकाने वाद न घालता मोबाइलच माझ्या नाकासमोर धरला. ९ एप्रिल २०१७, डेन्व्हर. त्याच दिवशीचा ४२वा ट्रिपल-डबल, ५० गुणांचा. ओक्लाहोमा दोन गुणांनी मागे, वेस्टब्रुक ३६ फुटांवर, चेंडू हवेत, भोंगा वाजला. १०६-१०५.

"आता बोला, सर."

"परत लाव," मी म्हटलं.