फुलं सरल्यावरचं कास

सातारा, आश्विन वद्य तृतीया

कोजागरी झाली की कासच्या रस्त्यावरची गाड्यांची रांग एकदम ओसरते. तेरडा वाळला, सोनकी विरळ झाली, कणसाच्या गाड्याही निम्म्या उठल्या. "आता काय बघायचं राहिलंय तिथं?" असं घरीदारी सगळे विचारतात. मला खरी घाई लागते ती आत्ता. परतीचा पाऊस आवरल्यापासून दिवाळी उलटेपर्यंत जे दिवस हाती लागतात, तेच आपल्या डोंगरांचे आणि पाण्याचे दिवस.

एक तर हवा. चार महिने धुऊन निघालेली असते. पुढं थंडीत धूर-धूळ खाली साचायला लागते, मग वणवे लागतात, आणि फेब्रुवारीत शेजारचा डोंगरसुद्धा मळकट दिसतो. आज यवतेश्वरचा घाट चढून वर आलो तेव्हा झुंजुमुंजू व्हायचं होतं. एका अंगाला कण्हेर धरणाचं पाणी, दुसऱ्या अंगाला उरमोडी धरणाचं, आणि पश्चिमेला चंद्र अजून चांगला वर. डोंगरांच्या रांगा एकीमागं एक, शेवटची सुद्धा काठ सोडत नव्हती. लांब लेन्स लावून नुसत्या रांगाच टिपाव्यात असा हा महिना.

दुसरं म्हणजे गवत. थंड देशांतल्या शरदाच्या फोटोंत झाडं लाल-पिवळी पेटलेली असतात. ते बघून आपल्याकडं शरद नसतोच असं समजणारे मित्र आहेत माझे. आपली झाडं आत्ता हिरवीगार असतात, त्यांची पानगळ शिशिरात. शरदात रंग पालटतं ते गवत. कासच्या पठारावर जांभ्याच्या कातळावर मातीचा जेमतेम थर. पाऊस थांबला की ओल टिकत नाही, आणि बघता बघता सगळा माथा हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा तांबूस होतो. घळीत आणि उताराला माती जास्त, तिथं हिरवं रेंगाळतं. त्यामुळं एकाच फोटोत वर सोनेरी सडा, खाली काळपट हिरवी झाडी आणि तळाशी पाणी, असे तीन पट्टे मिळतात. आणखी काही मागू नये.

कास तलावावर पोचलो तेव्हा पानही हलत नव्हतं. धरणाची उंची वाढवल्यापासून तलाव जुन्या फोटोंपेक्षा पसरट दिसतो, आणि काठची झाडी थेट पाण्यात उतरल्यासारखी वाटते. ट्रायपॉड काठाशी अगदी खाली लावला. सूर्य वर यायच्या आधीची पंधरा-वीस मिनिटं इथं सगळ्यात मोलाची: तलाव सावलीत, समोरच्या माथ्यावर पहिलं ऊन, आणि ते ऊन पाण्यात दुसऱ्यांदा. पाण्यातलं प्रतिबिंब खऱ्या दृश्यापेक्षा थोडं काळोखं असतं. फोटोत ते तितकंच काळोखं राहू द्यावं. दोन्ही सारखे उजळले की डोळ्याला खोटं वाटतं, कारण सांगता आलं नाही तरी.

पोलरायझर हा या कामातला सगळ्यात कामाचा फिल्टर. तो फिरवला की पाण्यावरची चकाकी जाते आणि तळाचे दगड दिसायला लागतात. पण त्याच फिरवण्यात डोंगराचं प्रतिबिंबही पुसलं जातं. मी तो अर्ध्यावर थांबवतो. पायाजवळचे दगड दिसावेत आणि पलीकडचा डोंगरही पाण्यात राहावा, अशी एक जागा सापडते. आज ती सापडली. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ ११, आणि हाताचा स्पर्श नको म्हणून दोन सेकंदांचा टायमर. ऊन तलावावर उतरलं तसा वारा सुटला आणि प्रतिबिंबाचे तुकडे झाले.

मग काठावर पालथा पडून गेंदाचे फोटो घेतले. फुलांच्या दिवसांत पांढऱ्या बुंदक्यांचा गालिचा करणारं हे झाड. आता ती बोंडं वाळून राखाडी झालीत, देठ सुईएवढे, आणि प्रत्येक बोंडावर दवाचा एकेक थेंब. थेंबात समोरचा डोंगर उलटा. फोकस थेंबावर ठेवला तर बोंड सुटत होतं, बोंडावर ठेवला तर डोंगर. शेवटी डोंगर धरला.

तिथून उतरून बामणोलीला गेलो. आल्प्समधली, हिमालयातली कितीतरी तळी हिमनद्यांनी कोरलेली आहेत. सह्याद्रीत हिमनदी कधी नव्हती. आपलं डोंगरातलं पाणी माणसांनी अडवलेलं आहे: कास साताऱ्याला पाणी प्यायला मिळावं म्हणून, उरमोडी-कण्हेर शेतीसाठी, आणि बामणोलीचा हा शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, विजेसाठी. हे विसरून या पाण्याचे फोटो काढणं मला जमत नाही. होडीवाले काका सत्तरीच्या घरातले. मधोमध आल्यावर मी त्यांना इंजिन बंद करायला सांगितलं, कारण त्याच्या थरथरीनं फोटो हलतो. ते वल्ह्यावर हात टेकून म्हणाले, "हितं खाली आमच्या आज्ज्याचं घर हुतं. देवळासकट गेलं. मे महिन्यात पाणी लई उतरलं तर जोती दिसत्यात."

पुढं वासोट्याचा डोंगर, काठापर्यंत जंगल, आणि १०५ टीएमसीचं (अब्ज घनफुटांचं) धरण काठोकाठ. याच दिवसांत झाडी आणि पाणी एकमेकांना टेकलेली दिसतात. पावसाळा सरला की पाणी बोगद्यातून पश्चिमेला पोफळीकडं उतरत राहतं, वीज करून वाशिष्ठीला मिळतं, आणि इथं काठाला दर महिन्याला लाल मातीचा पट्टा रुंदावत जातो. मार्चपर्यंत तो इतका मोठा होतो की पाणी मागंच राहतं. त्या पट्ट्याचेही फोटो काढले पाहिजेत असं काकांचं ऐकल्यावर वाटलं. नुसतं भरलेलं, निळं, सुंदर पाणी दाखवून या जागेची अर्धीच गोष्ट सांगितली जाते.

होडीत ट्रायपॉडचा उपयोग नाही. शटर १/५०० सेकंदावर ठेवून हातानंच काढले. काका स्वतःहून होडी वळवून उन्हाच्या आडवं उभं करत होते. कोणत्या वेळी कोणता डोंगर उजळतो हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पैसे देताना पुन्हा मेमध्ये येईन म्हणालो. "येताना जुना फोटो असला तर आना गावाचा," म्हणाले. माझ्याकडं कुठला असणार. पण साताऱ्यात जुने स्टुडिओ आहेत, कुणाच्या तरी घरी पेटीत काही पडलं असेल. विचारायला सुरुवात करतो.

रात्री फोटो निवडले. रंग ओढून-ताणून भडक करायचे नाहीत, हे पहिल्यापासून पाळलंय. तांबूस गवत केशरी केलं की ते सह्याद्रीतलं राहत नाही. कासच्या प्रतिबिंबाचा एक ठेवला, गेंदाचा एक. मोठी प्रिंट मात्र शिवसागराची काढणार, काका वल्ह्यावर टेकून पाण्याकडं बघतायत ती. उद्या दुकानात देऊन येतो, दोन प्रती.