तुम्ही विचारलंत म्हणून: स्थळाचा व्हिसा मी आधी का विचारते

तलावपाळीवर सकाळी चालताना, जांभळी नाक्यावर भाजी घेताना, सोसायटीतल्या हळदीकुंकवाला हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारलाय की आता एकदाच लिहून टाकते. कुणाच्या मुलीला अमेरिकेतलं स्थळ आलं की बायोडेटा माझ्याकडे येतो, कारण मी तेरा वर्षं न्यू जर्सीत काढून ठाण्यात परत आलेय. आणि मी पत्रिका, पगार, घर यातलं काहीही न विचारता पहिल्यांदा विचारते, मुलगा कुठल्या व्हिसावर आहे? एच-1बी, म्हणजे कंपनीने काढून दिलेला नोकरीचा व्हिसा, असेल तर त्याचा आय-140, म्हणजे ग्रीनकार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर झालाय का? मग समोरचा चेहरा उतरतो. "अगं, लग्न मुलाशी करायचंय की व्हिसाशी?" नौपाड्यातल्या एका काकूंनी तर आवाज खाली आणून विचारलं, "तुझं तिकडे काही वाईट झालं का गं?"

नाही काकू. माझा नवरा चांगला माणूस आहे. आजही आम्ही एकत्र आहोत आणि हे लिहिलेलं सगळं त्याने वाचलंय. तो वाईट असता तर समजावून सांगणं सोपं गेलं असतं. तुम्ही म्हणाला असतात, बिचारीचं नशीब, आणि विषय तिथेच संपला असता.

एच-4 म्हणजे एच-1बी वाल्याच्या बायकोचा व्हिसा, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको, ठाण्यात दर दुसऱ्या घरातलं कुणी ना कुणी त्यावर गेलेलं असतं. मी 2008 च्या एप्रिलमध्ये गेले. त्याआधी चार वर्षं ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका औषध कंपनीत मायक्रोबायोलॉजिस्ट होते. सकाळी इन्क्युबेटरमधून प्लेट्स काढायच्या, कॉलनी मोजायच्या, रजिस्टरमध्ये सही करायची. ती सही माझी होती. बॅच पुढे जायची ती त्या सहीवर. तिकडे गेल्यावर काम करता येणार नाही हे मला माहीत होतं. मला कुणी फसवलं नाही. आईला मी म्हटलं होतं, "दोन वर्षं आराम करते, मग बघू." हे माझ्याविरुद्ध वापरायचं असेल तर वापरा. मी स्वतःच ते कित्येकदा वापरलंय: तूच गेलीस ना, कुणी बांधून नेलं नव्हतं.

आता ती रात्र सांगते.

जुलै 2010. नवऱ्याच्या व्हिसाची पहिली तीन वर्षं संपत आली होती, एक्स्टेन्शनचे कागद जायचे होते. कंपनीच्या वकिलाची ईमेल त्याला यायची. माझा अर्ज माझ्या सहीने जायचा, पण त्याला जोडायचं सगळं त्याचं: त्याच्या पे-स्लिपा, त्याचा अर्ज मंजूर झाल्याची आय-797 ची नोटीस, त्याच्या कंपनीचं पत्र. जेवणाच्या टेबलावर ही सगळी चळत पडली होती आणि वर वकिलाने पाठवलेली यादी होती. त्याच आठवड्यात मी बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तीनशे डॉलर पाठवले. खात्यावर माझं नाव होतं. पगार त्याचा होता. नोकरीत असताना मी दर महिन्याला घरी पैसे द्यायचे, त्याच सवयीने पाठवले.

तो म्हणाला, "विचारायचं तरी." मी म्हटलं, "माझ्या बापाच्या डोळ्यासाठी विचारायचं?" पुढे बोलणं कुठल्या कुठे गेलं. घरोघरी होतात तशीच भांडणं, यात वेगळं काही नव्हतं. शेवटी मी म्हटलं, "मी उद्या ठाण्याला जाते." आणि तो टेबलाकडे हात करून म्हणाला, "जा ना. नाहीतरी माझे कागद जोडले नाहीत तर तुला जावंच लागेल."

बोलून तो स्वतःच गप्प झाला. मला अजून त्याचा चेहरा दिसतो. आपण काय बोललो ते त्याला माझ्याआधी कळलं होतं. तो आत गेला आणि दार ओढून घेतलं.

मी बराच वेळ तिथेच बसून होते. मग उठले, त्याच्या पे-स्लिपा आणि ती नोटीस उचलली आणि घरातल्या छोट्या प्रिंटरवर एकेक पान झेरॉक्स केलं. प्रिंटरचा आवाज होत होता म्हणून त्याच्यावर टॉवेल घातला. रात्रीचे दोन वाजले असतील. मूळ कागद होते तसेच, त्याच क्रमाने ठेवले. प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून साबुदाण्याच्या डब्यामागे सरकवल्या. एम.एस्सी. झालेली बाई मी, ज्या घरात सकाळी देवापुढे दिवा लावत होते त्याच घरात रात्री नवऱ्याच्या पगाराचे कागद चोरत होते, कारण त्या देशातला माझा पुढचा मुक्काम त्याच कागदांवर टिकून होता.

सकाळी त्याने माफी मागितली. चहा त्यानेच केला. दोघांचे अर्ज नीट लावून स्वतः पाठवले आणि पुन्हा तसं कधीच बोलला नाही. आणि तरीही पुढची पाच वर्षं, नवी पे-स्लिप आली की मी तिची प्रत काढून त्या पिशवीत ठेवत गेले.

तर काकू, तुम्ही म्हणता मुलगा चांगला आहे ना, मग झालं. माझाही चांगला आहे. पण ते वाक्य त्याच्या स्वभावात नव्हतं, कायद्यात होतं. रागाच्या भरात माणसाच्या हाताला जे लागतं ते तो उचलतो. त्याच्या हाताला माझा तिथला मुक्काम लागला. माझ्या हाताला त्याचं असं काहीच लागलं नसतं.

आणि चांगला नसेल तर? एडिसनमधल्या ओळखीच्या बायकांकडून जे ऐकलं ते त्यांचं आहे, इथे लिहिणार नाही. कायदा काय म्हणतो तेवढं सांगते. मारहाण करणारा नवरा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीनकार्डवाला असेल तर बायको बायकांवरच्या हिंसेविरुद्धच्या 1994 च्या कायद्याखाली त्याच्या नकळत ग्रीनकार्डसाठी स्वतःचा अर्ज करू शकते. नवरा एच-1बी वर असेल तर नाही. घटस्फोट झाला की तिचा एच-4 संपला. अशा बायकांना निदान काम करू द्या, अशी तरतूद त्या कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीत झाली. पण त्यासाठीचा फॉर्म यायला 2017 उजाडलं. मधली बारा वर्षं त्या बायकांनी काय केलं असेल?

नवरा गेला तरी तेच. 22 फेब्रुवारी 2017 ला कॅन्ससमधल्या ओलेथ इथे श्रीनिवास कुचिभोटला यांना गोळी घातली, ते तुम्ही बातम्यांत पाहिलंत. त्यांची पत्नी सुनयना दुमाला अंत्यसंस्कारासाठी हैदराबादला आल्या, आणि नवऱ्याबरोबर त्यांचा तिथे राहण्याचा हक्कही गेला होता. तिथल्या एका खासदाराने मध्ये पडून तात्पुरता परवाना मिळवून दिला तेव्हा त्या परत जाऊ शकल्या. ज्यांची बातमी होत नाही त्यांच्यासाठी कुठला खासदार धावणार?

लोक म्हणतात, तो त्यांचा देश आहे, कुणाला काम द्यायचं ते त्यांनी ठरवावं. ठरवू दे, मी कधीच नाही म्हटलं नाही. पण मग बाईला पंधरा-पंधरा वर्षं ठेवून घेऊ नये. नोकरीच्या वाटेने वर्षाला 1,40,000 ग्रीनकार्डं, त्यात बायका-मुलंही मोजायची, आणि एका देशाला साधारण सात टक्के. भारतातून जाणाऱ्यांची रांग त्यामुळेच हलत नाही. 2013 च्या जूनमध्ये सिनेटने 68 विरुद्ध 32 मतांनी मोठं सुधारणा विधेयक मंजूर केलं होतं, त्यात ही देशांची मर्यादा काढायची होती. हवाईच्या सिनेटर मेझी हिरोनो तेव्हा या सुधारणेत बायकांचाही विचार व्हावा म्हणून झगडत होत्या. त्यांची स्वतःची आई छळणाऱ्या नवऱ्याला सोडून मुलांना घेऊन जपानहून निघाली होती. खालच्या सभागृहाने ते विधेयक मतालाच घेतलं नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये साफसफाईला येणारी इक्वाडोरची बाई होती, तिच्याकडे कुठलेच कागद नव्हते. तिच्यासाठीही त्या विधेयकात वाट होती. ती रोज कामावर जायची आणि रोज घाबरायची. मी कागद असून घरी बसायचे. एकमेकींची भाषा येत नव्हती, पण विधेयक अडलं त्या वर्षी आम्ही दोघींनी एकाच गोष्टीची वाट बघितली होती.

मग 26 मे 2015 पासून एच-4 वाल्यांना कामाचा परवाना मिळू लागला. सगळ्यांना नाही. नवऱ्याचा आय-140 मंजूर असेल किंवा त्याच्या एच-1बी ला सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळाली असेल तरच. म्हणून मी तो प्रश्न विचारते, आता कळलं? त्या उत्तरावर तुमच्या मुलीची दोन वर्षं किंवा आठ वर्षं अवलंबून असतात. माझं कामाच्या परवान्याचं कार्ड आलं तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. एका लॅबमध्ये लागले, पुन्हा प्लेट्स मोजल्या, पुन्हा सही केली. पहिल्या दिवशी तारीख लिहिताना हात थरथरला.

2017 पासून सरकार म्हणत राहिलं, हा नियम काढणार. काढला नाही, पण तीन वर्षं आम्ही प्रत्येक बातमीला दचकायचो. 2019 पासून बोटांचे ठसे सक्तीचे केले, त्यात करोनाने ठशांची केंद्रं बंद. जानेवारी 2021 मध्ये माझ्या कार्डाची मुदत संपली आणि नवं आलं नाही. त्याच महिन्यात नियम काढण्याचा तो प्रस्ताव मागे घेतला गेला, आणि मी मात्र घरी. जूनमध्येही कार्ड नव्हतं. ऑगस्टमध्ये आम्ही सामान बांधलं.

परत यायचं मीच म्हटलं. नवऱ्याची ग्रीनकार्डच्या रांगेतली तारीख ऑगस्ट 2012 ची होती. 2022 मध्ये रांग अचानक सरकली आणि आमची तारीख मागे टाकून पुढे गेली, मग पुन्हा मागे आली. थोडं थांबलो असतो तर आज ग्रीनकार्ड असतं. हे मला तुम्ही सांगू नका. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये बसून मी रोज हेच मोजते. कधी वाटतं, घाई केली. कधी वाटतं, त्या पिशवीत आणखी एक पे-स्लिप ठेवायची माझी ताकदच नव्हती.

ती पिशवी सामान बांधताना त्याला सापडली. साबुदाण्याच्या डब्यामागून नाही, माझ्या कपड्यांच्या खणातून. त्याने कागद काढून तारखा बघितल्या. काही विचारलं नाही. पिशवीला होती तशी गाठ मारली आणि बॅगेत माझ्या साड्यांखाली ठेवली.

खारघरच्या माझ्या भाचीचं मागच्या वर्षी जमलं. ती फिजिओथेरपिस्ट आहे, मुलगा टेक्सासला, एच-1बी चं दुसरं वर्ष, आय-140 ची सुरुवातही नाही. मी साखरपुड्याआधी मुलाला फोनवर विचारलं, कंपनी फाइल कधी करणार? मुलाने नीट उत्तर दिलं. भाची मात्र माझ्याशी चार महिने बोलली नाही. "मावशी, तू त्याच्यावर संशय घेतलास," म्हणाली. मी घेतला नव्हता. पण तिच्या जागी मीही तेच म्हटलं असतं, 2007 मध्ये मला कुणी असं विचारलं असतं तर मी त्या घराची पायरी चढले नसते. तिच्या आईने सांगितलं, आता तू मध्ये बोलू नकोस. नाही बोलले. लग्नाला गेले, आहेर केला, अक्षता टाकल्या.

परवा रात्री अकरा वाजता तिचा टेक्सासहून मेसेज आला. "मावशी, आय-797 म्हणजे नक्की कुठला कागद गं? आणि त्याची प्रत आपल्याकडे ठेवावी का?"

मी लगेच फोन लावला.