तुम्ही विचारलंत म्हणून: आईने फुकटचं इन्सुलिन का बंद केलं?

आईच्या पायाचं बोट काढलं त्याला आता वर्षं झाली, तरी गणपतीत मुंबईहून आलेलं कुणी ना कुणी विचारतंच, "सरकारी दवाखान्यात इन्सुलिन फुकट मिळतं ना, मग तिने बंद कसं केलं?" आणि विचारायची तऱ्हा अशी की उत्तर त्यांनी आधीच ठरवलंय, अडाणी बाई, दुसरं काय. म्हणून एकदाच लिहिते.

फुकट मिळतं, हो. ऑगस्ट २०२३ पासून तर केसपेपरचेही पैसे घेत नाहीत. पण आमच्या जवळच्या आरोग्य केंद्रात मिळायच्या त्या मेटफॉर्मिनच्या, म्हणजे डायबेटिसच्या गोळ्या, इन्सुलिनसाठी तालुक्याला जावं लागायचं. सकाळची एसटी, मग ओपीडीची रांग, मग औषधाची रांग, बाटली मिळाली तर दुपारच्या गाडीने परत. आई हर्णै बंदरात लिलावात मासळी घेऊन वाडीवाडीत विकायची, म्हणजे तो दिवस गेला तर त्या दिवसाचे पैसेही गेले. आणि बाटली १० एमएलची, त्यात ४०० युनिट. सकाळी २० आणि रात्री १२ घेतलं की बारा-तेरा दिवसांत ती संपते, की पुन्हा एसटी.

त्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. लिलाव नाही, हातात पैसा नाही, सुक्या मासळीवर काय निघेल ते. इन्सुलिन टोचलं आणि वेळेवर पोटात काही गेलं नाही तर साखर धाडकन खाली येते, आईला एकदा बंदरावरच घाम फुटला, हात थरथरायला लागले, कुणीतरी चहात साखर घालून पाजली तेव्हा ती सावरली. त्यानंतर ज्या दिवशी जेवणाची खात्री नसायची त्या दिवशी ती सुई टाळायची. यात अडाणीपणा कुठे आहे ते मला दाखवा.

फ्रिज आमच्याकडे नव्हता. बाटली शेजारच्या काकींकडे असायची, फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या बाजूला, प्लास्टिकच्या डबीत. काकी कधी नाही म्हणाल्या नाहीत. पण दिवसातून दोनदा दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरायचं, त्यांच्याकडे पाव्हणे बसलेले असले की आई पडवीतूनच परत यायची आणि मला सांगायची, घेतलं.

मग ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दापोली-मंडणगडचे फोटो तुम्ही सगळ्यांनी बघितलेत, माड-पोफळी आडव्या, पत्रे उडालेले, खांब वाकलेले. कित्येक दिवस लाइट नाही, मोबाइलला रेंज नाही, लॉकडाऊनमुळे एसटी तर आधीपासूनच बंद. काकींचा फ्रिज म्हणजे नुसतं कपाट झालं. आईने बाटली घरी आणली, ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवली, काही दिवस टोचत राहिली, पण मग तिच्या मनात शंका शिरली. बाटली हलवायची, दाराशी उजेडात धरायची आणि म्हणायची, "गढूळ दिसतंय गो. बिघडलेलं औषध आंगात घालू काय?" ते मिक्स, म्हणजे दोन प्रकारचं एकत्र केलेलं इन्सुलिन होतं, ते हलवल्यावर दुधासारखंच दिसतं, पण हे तोवर आम्हाला कुणीच सांगितलेलं नव्हतं. खोक्यावर इंग्रजीत २ ते ८ डिग्री लिहिलेलं, तेवढं मी वाचून दाखवलं. पुढे विचारणार कुणाला?

तिने बंद केलं. त्याच दिवसांत अंगणातला राडा उपसताना पत्रा लागला, अनवाणी पाय, चिखल, आणि डायबेटिसमुळे पायात जाणीवच उरली नव्हती म्हणून तिला कळलंच नाही. लादीवर रक्ताचे ठिपके दिसले ते मला. हळद भरली, फडकं बांधलं. बोट काळं पडायला लागलं तसं एका टेम्पोवाल्याला गाठून तालुक्याला नेलं, साखर ४०० च्या वर. तिथून जिल्ह्याला पाठवलं आणि बोट काढलं.

तिथल्या एका सिस्टर ड्रेसिंग करता करता सहज बोलून गेल्या, "उघडलेली बाटली घरात सावलीत, गार जागी चारेक आठवडे चांगली राहते, फ्रिज लागतो तो न उघडलेल्या बाटलीला." म्हणजे माठाजवळची बाटली बहुतेक चांगलीच होती. आणि काकींच्या दारातल्या त्या रोजच्या फेऱ्या, त्यांचीही गरज नव्हती. इतकी वर्षं औषध दिलं, हे एक वाक्य नाही दिलं कुणी. त्या दिवशी मला जेवढा राग आला तेवढा बोट काढताना पण नव्हता आला.

तेव्हाची मी मात्र टेम्पोत बसून आईलाच बोलत होते, तुला बरं व्हायचंच नाहीये. त्या मुलीशी मी आजही मनातल्या मनात भांडते, पण ती अगदीच खोटं बोलत होती असंही नाही. आई सुईला घाबरायची. कारल्याचा रस झाला, जांभळाच्या बियांची पूड झाली, डॉक्टर ओरडतात म्हणून तारीख चुकवणं झालं. निमित्त तिला हवंच होतं, हे मी नाकारत नाही. आणि डॉक्टर तरी काय, एकटा माणूस, बाहेर व्हरांड्यापर्यंत रांग, पेशंटला दोन मिनिटं मिळतात त्यात माठाच्या गोष्टी कधी सांगणार, असंही वाटतं. मग परत वाटतं, दोन मिनिटांत ओरडायला वेळ मिळतो ना.

आता भावाने फ्रिज घेऊन दिलाय, त्याच्या मते विषय संपला. मध्यंतरी तालुक्याला इन्सुलिनच नव्हतं, "पुढच्या आठवड्यात या" म्हणाले, म्हणून मेडिकलमधून आणलं, दीडशेच्या आसपास पडलं. ती बाटली लवकर संपेना म्हणून मी आईच्या हातातली भरलेली सिरिंज बघितली, वीसच्या जागी चौदाच युनिट. विचारलं तर म्हणाली, "इकत आणलेली बाटली हाय, पुरवूक नको?" त्यावरून आमचं जोरात वाजलं. भाऊ फोनवर तिच्या बाजूने बोलला की माझ्या, ते मला अजून कळलेलं नाही.