आजीच्या नावाचं हॉटेल

आपल्याकडे प्रत्येक पोळीभाजी केंद्राच्या बोर्डावर 'घरगुती चव' लिहिलेलं असतं, आणि ते वाचलं की मला जरा शंकाच येते, कारण कुणाच्या घरची ते कुणी सांगत नाही. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या क्राऊन हाइट्समधलं 'आगीज काउंटर' मला आवडलं ते यासाठी. आगी ही शेफची हंगेरियन ज्यू आजी. जेरेमी सॅलामन या तरुण पोराने २०२१ मध्ये फ्रँकलिन अव्हेन्यूवर हे छोटंसं हॉटेल काढलं आणि पाटीवर आजीचं नाव टाकलं. पण मिळतं ते आजी करायची तसंच्या तसं नाही, आणि तसं असल्याचा आवही कुणी आणत नाही.

आता मुळात 'तसंच्या तसं' असतं तरी काय? चिकन पाप्रिकाश हा हंगेरियन रस्सा घ्या. कांदा डुकराच्या चरबीत मऊ होईपर्यंत परतायचा, मग भांडं खाली उतरवून पाप्रिका, म्हणजे तिकडची लाल मिरचीपूड, घालायची, कारण तिच्यात साखर असते, आचेवर ती लगेच जळते आणि सगळं कडू होतं, मग चिकन, आणि शेवटी सावर क्रीम. सोबत नोकेडली, म्हणजे सैलसर पीठ उकळत्या पाण्यात सोडून केलेले बारीक गोळे. (पाप्रिका ऐकून घाबरू नका, ती आपल्या बेडगीसारखी, रंग भरपूर आणि तिखट नावाला.)

धर्माचे नियम पाळणाऱ्या ज्यू घरात यातल्या दोन गोष्टी चालत नाहीत. डुक्कर नाही, आणि मांसाबरोबर दूधदुभतं नाही. मग बायकांनी गूसची चरबी घेतली, सावर क्रीमला सुट्टी दिली, आणि पाप्रिकाश चालू ठेवला. अलिबाग-पनवेलकडच्या बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू, घरांमध्येही मटणात दूध-दही नको म्हणून नारळाचं दूधच घालतात की. उलटंही झालं. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, तेव्हा चूल पेटवायची नाही म्हणून शुक्रवारी सूर्यास्ताआधीच बीन्स, बार्ली, मांस आणि अख्खी अंडी एका भांड्यात मंद आचेवर चढवून ठेवायची, तो शोलेत बुडापेस्टमध्ये आता ज्यू नसलेलेही खातात, आणि कित्येक जण त्यात चक्क स्मोक्ड डुक्कर घालतात!

त्यामुळे कुणी नाक मुरडून "हे काही ऑथेंटिक नाही हं" म्हटलं की मला वाद घालावासा वाटतो. १९४४ च्या मे ते जुलै एवढ्या काळात हंगेरीतून ४ लाख ३० हजारांहून जास्त ज्यू लोकांना गाड्यांमध्ये कोंबून नेलं, बहुतेकांना आउश्वित्झच्या नाझी मृत्युछावणीतच. घरंच्या घरं गेली, त्यांच्याबरोबर स्वयंपाकघरंही गेली, कोण किती मीठ घालायचं हे सांगणारी माणसंच उरली नाहीत. जे वाचले त्यांनी दुसऱ्या देशात, दुसऱ्या दुकानातलं सामान आणून, आठवेल तसं केलं. मग अमेरिकेत वाढलेल्या नातवाने त्यात आणखी थोडं बदललं तर बिघडलं कुठे, त्याला मिळालं तेच मुळात बदललेलं होतं.

आमच्या टेबलावर पालाचिंता होती, म्हणजे आपल्या धिरड्यापेक्षा पातळ, गुंडाळी केलेला गोड पॅनकेक, आणि शेजारी टूना सँडविच. माझी मैत्रीण म्हणाली, टूना सँडविच कधीपासून हंगेरियन? नाहीच आहे ना, ते अमेरिकन आहे, नातूही अमेरिकनच आहे. आणि हो, हे हॉटेल कोशर नाही, म्हणजे ज्यू धर्माचे खाण्याचे नियम पाळत नाही, खरं तर ल्युबाविच हसिदिक या कट्टर धार्मिक ज्यू पंथाचं मुख्यालय इथून चालत जाण्याइतकं जवळ आहे. तिथले लोक काही इथे जेवायला येणार नाहीत. आजीला हे चाललं असतं का मला माहीत नाही, माझ्या आजीला बाहेरचं खाणंच चालायचं नाही त्यामुळे मी या विषयात बोलू नये. चीझकेक मात्र दोघांत एक मागवू नका, आमचं त्यावरून भांडण झालं.