'अलाइव्ह' कुठून आलं

आज दिवसभर पर्ल जॅम या अमेरिकन रॉक बँडचं 'अलाइव्ह' हे गाणं लावून बसलोय. सिअ‍ॅटलमध्ये बँडचा गिटारवादक स्टोन गॉसर्डने बांधलेली नुसती धून कॅसेटवरून सॅन डिएगोत एडी वेडरकडे, म्हणजे पुढे बँडचा गायक झालेल्या माणसाकडे पोचली. गडी समुद्रावर सर्फिंगला गेला, तिथेच शब्द सुचले, घरी येऊन आवाज भरला आणि कॅसेट सिअ‍ॅटलला धाडली.

आणि शब्द तरी कसले! वेडर ज्याला बाप समजत होता तो सावत्र आणि खरा बाप केव्हाच वारलेला, हे त्याला पोरवयात कळलं होतं. जगणं म्हणजे त्याला शाप वाटायचा. पुढे कार्यक्रमांत लोक 'आय अ‍ॅम स्टिल अलाइव्ह' (मी अजून जिवंत आहे) ही गाण्यातली ओळ आनंदाने बेंबीच्या देठापासून ओरडू लागले. त्यांनीच तो शाप उतरवला, असं वेडर सांगतो.

हे गाणं १९९१च्या 'टेन'मधलं, बँडचा पहिलाच अल्बम! गाण्याच्या शेवटचा माइक मॅक्रेडीचा गिटार सोलो तर ऐकाच, आवाज वाढवून.