जुनं वर्ड आणि नवीन फाइल

परवा एका मित्राने फाइल पाठवली, माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर अजून वर्ड २००३ आहे (हो, अजूनही, हसू नका), उघडली तर स्क्रीनभर चौकोन आणि कसलीतरी चिन्हं, आणि अगदी सुरुवातीला 'पीके' ही दोन अक्षरं. आधी वाटलं फाइल करप्ट झाली. पण तसं काही नव्हतं. वर्ड २००७ पासून डॉक या फाइलच्या प्रकाराच्या जागी डॉकएक्स आलं, आणि डॉकएक्स म्हणजे खरं तर झिप फाइलच (अनेक फाइली दाबून बांधलेलं गाठोडं) असते, सुरुवातीचं ते पीके झिपचंच. नाव बदलून शेवटी झिप लिहा आणि उघडा, आत वर्ड नावाचं फोल्डर, त्यात डॉक्युमेंट नावाची एक्सएमएल फाइल, तुमचा सगळा मजकूर तिच्यात! घाईच्या वेळी मी तिथूनच कॉपी केलंय, मजकुरात पेरलेले टॅग (कंसातल्या खुणा) काढता काढता जीव जातो ते सोडा.

पूर्वी जुन्या वर्डमध्ये नवीन फाइल उघडायला मायक्रोसॉफ्टचा कंपॅटिबिलिटी पॅक फुकट मिळायचा, तो २०१८ मध्ये बंद झाला. आता सरळ लिब्रेऑफिस (वर्डसारखंच सॉफ्टवेअर) टाका, तेही फुकटच आहे, किंवा गूगल डॉक्समध्ये अपलोड करून बघा. नाहीतर पाठवणाऱ्यालाच सांगा की सेव्ह अॅजमध्ये जाऊन वर्ड ९७-२००३ निवड बाबा. फक्त गणिताची समीकरणं असतील तर जपून, जुन्या फॉरमॅटमध्ये त्यांची चित्रं होतात आणि मग वर्ड २००३ मध्ये ती एडिट करता येत नाहीत.

आणि हो, नुसतं नावातला शेवटचा एक्स खोडून काही होत नाही, मी करून बघितलंय.