‘बसवायला किती वेळ लागतो?’

माझ्या फाइली माझ्याच सर्व्हरवर, नेक्स्टक्लाउडमध्ये (गूगल ड्राइव्हसारखं, पण आपणच चालवायचं सॉफ्टवेअर) असतात हे कळलं की बहुतेक जण हाच प्रश्न विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: तासभर. लिनक्सची कमांड लाइन सवयीची असेल तर त्याहून कमी. वेब सर्व्हर (अपाचे किंवा एनजिनएक्स), पीएचपी ही भाषा, मारियाडीबी किंवा पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि नेक्स्टक्लाउडची झिप, एवढंच सामान लागतं. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवरही चालतं, पण ते करून बघण्यापुरतं.

तासाभरात लॉगिनचं पान येतं. फाइली मात्र तेवढ्यानं सुरक्षित होत नाहीत. त्यासाठी मी आणखी दोन संध्याकाळी राखून ठेवते आणि तुम्हीही ठेवा.

पहिली संध्याकाळ डेटाच्या फोल्डरसाठी. इन्स्टॉल करताना ‘डेटा फोल्डर’ नावाची एक चौकट येते आणि त्यात एक मार्ग आधीच भरलेला असतो. तो असतो वेब सर्व्हरच्या फोल्डरच्या आतला. मी तो तसाच ठेवून पुढे गेले होते. अपाचेवर हे निभावतं, कारण त्या फोल्डरमधली एचटीअॅक्सेस फाइल बाहेरच्यांना अडवते. पुढे मी एनजिनएक्सवर आले, आणि एनजिनएक्स ती फाइल वाचतच नाही. अडवायचा नियम त्याच्या कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंग्जच्या फाइलमध्ये, आपण लिहायचा असतो. मी हाताने लिहिलेल्या कॉन्फिगमध्ये तो राहून गेला. अॅडमिनच्या पानावर तशी सूचनाही येत होती, ती मी ‘नंतर बघू’ म्हणून सोडली होती. एका रात्री लॉगआउट करून ब्राउझरमध्ये साइटचा पत्ता, पुढे डेटा, मग माझं युजरनेम, मग त्यातलं ‘फाइल्स’ फोल्डर, मग फाइलचं नाव असं टाइप केलं. माझ्या ओळखपत्राचं स्कॅन पासवर्ड न विचारता समोर उघडलं. हात गार पडले. त्या रात्री मी आधी सर्व्हर बंद केला आणि मगच विचार करायला बसले.

तेव्हापासून डेटाचं फोल्डर वेबच्या फोल्डरबाहेर, आणि तेही पहिल्याच दिवशी. नंतर हलवायचं म्हटलं तर नेक्स्टक्लाउडच्या कॉन्फिगमधला मार्ग आणि डेटाबेसमधली नोंद असं दोन्हीकडे बदलावं लागतं, आणि एक जरी चुकलं तरी फाइली डिस्कवर असूनही दिसत नाहीत.

परवानग्यांचंही याच संध्याकाळी उरकून घ्या. ‘परमिशन डिनाइड’ आलं की सगळ्यावर ७७७ लावायचा मोह होतो. ७७७ म्हणजे त्या मशीनवरच्या प्रत्येकाला वाचायची, लिहायची आणि चालवायची मुभा. नेक्स्टक्लाउडच्या कॉन्फिग फाइलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड साध्या अक्षरांत लिहिलेला असतो, हे एकदा उघडून बघा. मग ७७७ लावायला हात धजावणार नाही. अडचण बहुतेक वेळा मालकीची असते. आपण रूट, म्हणजे मशीनचा मुख्य युजर, म्हणून झिप उघडलेली असते आणि वेब सर्व्हर चालतो वेगळ्या युजरच्या नावाने. मालकी त्या युजरला द्या, फोल्डरांना ७५०, फाइलींना ६४०, म्हणजे इतरांना काहीच मुभा नाही. काम होतं.

मोठी फाइल चढत नाही ही तक्रार सर्रास येते. तिथे दोन दारं आहेत. एनजिनएक्स मुळात १ एमबीपेक्षा मोठी विनंती घेत नाही आणि ४१३ चा एरर देतो. त्याच्यामागे पीएचपी, त्याची एका फाइलची मूळ मर्यादा २ एमबी आणि पूर्ण विनंतीची ८ एमबी. एकच दार मोठं करून उपयोग नाही. क्रॉन, म्हणजे ठरावीक वेळी आपोआप चालणारं काम, दर ५ मिनिटांनी लावा. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट ठरावीक मुदतीचं असतं, त्याचं नूतनीकरण आपोआप होतंय ना ते तपासा. अपडेट करताना मोठी आवृत्ती गाळू नका, एकेक पायरी चढा.

दुसरी संध्याकाळ बॅकअपची, आणि माझ्या मते हीच जास्त मोलाची. नेक्स्टक्लाउड फोल्डरात बघून यादी दाखवत नाही, ते डेटाबेसला विचारतं. एकदा मी फोटोंचं फोल्डर एससीपीने (कमांड लाइनवरून कॉपी करून) थेट डेटामधल्या माझ्या फाइलींच्या फोल्डरात टाकलं. स्क्रीनवर एकही फोटो आला नाही. नेक्स्टक्लाउडच्या ऑक कमांडने स्कॅन चालवलं तेव्हा कुठे आले. म्हणून नुसत्या फाइलींची कॉपी हा अर्धा बॅकअप झाला. शेअर केलेल्या लिंक, कोणाला काय दिसतं, जुन्या आवृत्त्यांचा हिशेब, हे सगळं डेटाबेसमध्ये. फाइली आणि डेटाबेस एकाच क्षणाचे हवेत, त्यासाठी आधी मेंटेनन्स मोड लावून सगळ्यांचा वापर थांबवायचा, मग दोन्ही घ्यायचे.

आणि बॅकअप घेतला की तो परत उभा करून बघायचा. मी दर काही महिन्यांनी एका रिकाम्या मशीनवर सगळं नव्याने उभं करते, लॉगिन करते आणि एक जुनी फाइल उघडते. पहिल्यांदा केलं तेव्हा डेटा होता, डेटाबेस होता, पण कॉन्फिगचं फोल्डर बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये मी घातलंच नव्हतं, आणि त्या इन्स्टॉलेशनची गुप्त किल्ली त्याच फोल्डरात असते. चालू सर्व्हर शाबूत होता म्हणून ती तिथून घेता आली. स्क्रिप्टमध्ये ती एक ओळ मी त्याच रात्री घातली आणि दुसऱ्या दिवशी तालीम पुन्हा पहिल्यापासून केली.